बाबा, आता रात्रपाळी बंद

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहिते आहे. आई, हे मोठ्याने वाच आणि मध्येच गाळू नकोस.

बाबा, तुमची वॉचमनची नोकरी एक तारखेपासून बंद. मी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले आहे, धाकट्यालाही विचारलंय. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाहीच म्हणाला असता. रागावू नका. तुम्हाला काम झेपत नाही असं कुणीही म्हणालेलं नाही. सेक्रेटरी तर म्हणाले, असा माणूस परत मिळायचा नाही. पण पंच्याहत्तरी उलटल्यावर रात्रभर गेटवर बसायचं, पहाटे चार जिने चढायचे आणि वर येऊन खोकत राहायचं, हे मला बघवत नाही.

छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं तेव्हा आधी विचारलं, "काम काय करायचात?" तुम्ही ताठ बसून म्हणालात, "साचेवाला." त्या तरुण डॉक्टरांना काही कळलं नाही. मग तुम्ही हातवारे करून दाखवलंत, गिरणीतले दोन साचे, म्हणजे कापडाचे माग, एकट्याने कसे चालवायचे, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने कसं ओढून घ्यायचं. सुताबरोबर कापसाची तूसही छातीत जायची, हे त्यांनी लगेच ओळखलं. मला मात्र दुसऱ्या पाळीवरून आलेले बाबा दिसत होते. मध्यरात्री दार वाजायचं. तुमच्या भुवयांवर, कानाच्या केसांवर पांढरी तूस असायची. मी झोपेचं सोंग घेऊन पडायचे, कारण जेवायला बसण्याआधी तुम्ही माझ्या वेणीची रिबीन सोडायचात आणि घडी करून उशाशी ठेवायचात. रिबीन कोण सोडतं, हे मला माहीत आहे असं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तुम्ही. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांचा शब्द तुमच्यासाठी शेवटचा होता आणि आजही तुम्ही त्यांच्याबद्दल वावगं ऐकून घेत नाही. आईच्या खाणावळीतले लोक एकेक करून गावाला गेले. दोन्हीकडचा पैसा एकदमच आटला. त्याच वर्षी माझ्या दप्तराचा पट्टा तुटला. तुम्ही गिरणीत तुटलेल्या सुताला मारतात ती गाठ मारलीत आणि म्हणालात, "ही सुटायची नाही." आणि ती सुटली नाही. नंतर कांदे-बटाट्याची हातगाडी आली, मग वॉचमनचा डगला. तो संप कुणी मागे घेतलाच नाही, असं तुम्ही आजही सांगता. गिरणीने तुम्हाला परत घेतलं नाही, पण आमची शाळा एक दिवस चुकली नाही. माझ्या लग्नात कर्ज काढलंत ते तुम्ही गेटवर बसून फेडलंत, हे मला आईने फार उशिरा सांगितलं.

म्हणून म्हणते, आता पुरे.

पैशाचं बघा. तुमच्या पगाराएवढी रक्कम दर महिन्याला आईच्या खात्यात येईल, अर्धी माझी, अर्धी धाकट्याची. ही मदत नाही. तुम्ही कमावलेलंच तुमच्याकडे परत येतंय, त्यामुळे कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटून घेऊ नका. हिशेब तुम्हीच ठेवा, आईला वहीतलं जमत नाही. खोली सोडून पुण्याला या, असं मी म्हणणार नाही. तुमचा सकाळचा चहा, नाक्यावरचा पेपर, भजनी मंडळ, सगळं तिथेच राहू दे. आणि गिरणी कामगारांच्या घरांचे फॉर्म भरून देण्याचं काम तर सोडूच नका. त्या घरांसाठी लागतो तो १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या हजेरीपटावर असल्याचा पुरावा कसा काढायचा, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुमची स्वतःची फाईलही तशीच पडली आहे. गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, सगळं एका पिशवीत काढून ठेवा, मी आले की झेरॉक्स काढू.

आता ऐका. श्वासाचा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटलं तरी. घेतल्यावर चूळ भरायची. उदबत्ती देवापुढे एकच, तीही खिडकी उघडून. आई, कांद्याची फोडणी देताना त्यांना गॅलरीत बसव, आणि तुझी गुडघ्याची गोळी त्यांना "अर्धी घ्या" म्हणून देऊ नकोस. पाणी वर आणायला खालच्या मजल्यावरच्या मुलाला सांगितलं आहे, त्याला पैसे मी देते. त्याच्या हातातली बादली काढून घेऊ नका, बाबा.

रविवारी सिंहगड एक्सप्रेसने दादरला उतरते. तोपर्यंत सेक्रेटरींकडे जाऊन "मुलीचं मनावर घेऊ नका" असं सांगायचं नाही. डगला धुवून परत द्यायचा आहे, तो मी आल्यावर आपण दोघं मिळून देऊ.

तुमची,
बेबी