खालचा सा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "क्लास कसा चाललाय?" आणि मी "बरा" म्हणून मोकळा झालो. तेवढ्यावर तुझं समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे, आणि फोनवर मला धड सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी कबुली. तू मला न विचारता गाण्याच्या क्लासात नाव नोंदवलंस तेव्हा राग आला होता. निवृत्त माणसाला कुठेतरी अडकवून ठेवलं की मुलं काळजीतून सुटतात, तसा प्रकार वाटला. शिवाय शाळेत समूहगीताच्या तालमीत बाईंनी मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ते मी 50 वर्षं इमानेइतबारे पाळलं. पहिले दोन बुधवार क्लासातही ओठच हलवले.

आम्ही 14 जण. सर पेटीवर काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, सा म्हणून धरतात, कारण वर्गात बायका जास्त आणि त्यांचे गळे तिथे बसतात. आम्हा चार पुरुषांची पंचाईत. माझी पट्टी काळी एक, म्हणजे बायकांचा सा हा माझा पंचम, माझा प. तिथून वर चढायचं म्हटलं की मानेच्या शिरा फुगतात आणि शेजारचे दयेनं बघतात. तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "तुम्ही वर येऊच नका. एक सप्तक खाली जा आणि नुसता सा धरून बसा." खाली गेलो, तर काय, तो सा माझ्याकडे होता! जाडाभरडा, पण होता.

आता खरी गंमत सांगतो. सा लांबवायचा म्हणजे श्वास पुरायला हवा. माझा जेमतेम 12 सेकंद. सरांचा नियम असा की शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही. तो थांबला की तुम्ही धरा, तुम्ही थांबलात की तो धरेल. आणि परत शिरताना झोपलेल्या घरात शिरतो तसं, कडी न वाजवता. पहिल्यांदा मी मधेच थांबून श्वास घेतला तर सा चालूच. मी त्यात नव्हतो, आणि तो चालूच. पुन्हा शिरलो तेही कुणाला कळलं नाही. ऑफिसात मी एक दिवस गेलो नाही तर काम अडायचं, याचा मला केवढा तोरा होता ते तू पाहिलं आहेस. इथे मी थांबलो, काहीसुद्धा अडलं नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की पुढचा श्वास मी मुद्दाम सावकाश घेतला.

बाकी प्रगती यथातथाच. भूप राग शिकतोय. पाचच स्वर, म आणि नि वर्ज्य, तरी कुणाच्या तरी गळ्यातून मध्यम निसटतोच, आणि मग सगळे एकमेकांकडे संशयानं बघतात. तीनतालात नवव्या मात्रेला खाली असते, तिथे टाळी द्यायची नसते. मी हमखास देतो. पेटी वाजवून पाहिली, पण भाता आणि बोटं एका वेळी सांभाळणं मला जमत नाही. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीला दार लावलं ते 1971 पर्यंत उघडलं नव्हतं म्हणे. माझी पेटी ऐकून ते पुन्हा लावतील.

तुला प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो, म्हणून हेही. ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी प्रौढांचे वर्ग तपासले होते : काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. 2015 मध्ये ते छापून आलं. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती. फरक एवढाच की गाणारे पहिल्या महिन्यातच जवळ आले. म्हणजे तू मला कागदाची फुलं करायला घातलं असतंस तरी चाललं असतं, फक्त हे पत्र उशिरा आलं असतं.

मध्ये तापामुळे एक बुधवार बुडाला. पुढच्या वेळी गेलो तर शेजारी बसणारा मुलगा, तुझ्याहूनही लहान असेल, म्हणाला, "काका, मागच्या वेळी खाली काही नव्हतं. सगळं नुसतं तरंगत होतं." मी काही बोललो नाही. पाण्याची बाटली उगाच उघडून बंद केली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू फोन करतेस तेव्हा माझं पहिलं वाक्य घोगरं येतं आणि तू विचारतेस, "बाबा, झोपला होतात का?" झोपलेलो नसतो गं. दिवसभरात कुणाशी बोललेलोच नसतो, म्हणून घसा धरलेला असतो.

तर बुधवारी सहा ते साडेसात फोन करू नकोस, उचलणार नाही. पावणेआठला कर. तेव्हा आवाज मोकळा असतो.

तुझा,
बाबा