लढाईच्या ऐन क्षणी गोठणाऱ्या चित्राबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या नव्या फँटसी रोल-प्लेइंग गेममधील ग्राफिक्सच्या दोषांमुळे लढाई खेळता न येणे, दुरुस्ती करावी अथवा रक्कम परत मिळावी याबाबत.

महोदय / महोदया,

आपला गेम विक्रीला आला त्याच दिवशी मी ३,९९९ रुपये भरून तो घेतला. आज तीन आठवडे झाले. ४१ तास खेळून मी दलदलीतल्या दुतोंडी राक्षसापाशी थांबलो आहे. तो अवघड आहे, ही माझी तक्रार नाही. एल्डन रिंग या गेममधल्या मलेनिया या अवघड शत्रूकडून मी प्लेस्टेशनवर आठवडाभर हरत होतो आणि त्यातली एकही हार मला अन्यायाची वाटली नाही. प्रत्येक वेळी माझे काय चुकले ते दिसत होते. इथे मी राक्षसाकडून हरलो की चित्र अडकल्यामुळे, तेच कळत नाही.

माझ्याकडे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, १२ जीबी व्हीरॅमचे (म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचे). सोबत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि गेमसाठी एसएसडी. विक्रीच्या पानावर १०८० पी रिझोल्यूशन आणि ६० एफपीएससाठी (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे) आपण याच कार्डाची शिफारस केली आहे. गावात, जंगलात, अगदी पावसातसुद्धा गेम ६० च्या आसपास चालतो. राक्षस दुसरे तोंड उघडतो आणि हिरव्या ज्वाळेचा लोट पहिल्यांदा बाहेर पडतो, त्याच क्षणी सगळे गोठते. फ्रेमचा वेळ मोजणाऱ्या आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमच्या आलेखात ती एकच फ्रेम २१० मिलिसेकंदांची दिसते. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात, म्हणजे बाराहून अधिक फ्रेमचा वेळ या एका फ्रेमने खाल्ला. पॅरीसाठी, म्हणजे वार ऐन वेळी अडवून परतवण्यासाठी, सहा फ्रेम मिळतात, असे आपल्याच ट्युटोरियलमध्ये लिहिले आहे. चित्र पुन्हा हलू लागते तेव्हा त्या सहाही फ्रेम निघून गेलेल्या असतात आणि माझा योद्धा चिखलात पडलेला असतो.

तीच ज्वाळा दुसऱ्यांदा आली की चित्र अडकत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा पहिल्यासारखे होते. यावरून कारण उघड आहे: शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, आधी तयार करून न ठेवता, लागतील तसे ऐन लढाईत तयार होत आहेत. गेम डायरेक्टएक्स १२ या विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीवर चालतो आणि त्यात ही तयारी वेळेआधी करून घेणे गेम बनवणाऱ्यांचे काम असते. कित्येक गेम पहिल्यांदा सुरू करताना ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी दाखवून काही मिनिटे थांबवतात. मी पंधरा मिनिटे आनंदाने थांबेन. ते थांबणे लढाईच्या मध्यात नको.

मी कोल्हापूरचा. लहानपणी तालमीत फरी-गदका आणि लाठी शिकलो. वस्ताद सांगायचे की समोरच्याच्या हत्याराकडे बघू नको, खांद्याकडे बघ. वार खांद्यातून निघतो आणि हूल असेल तर तीही खांद्यातच कळते. आपल्या ॲनिमेशन करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. तिसऱ्या प्रकरणातला भालाईत सरदार वार करण्याआधी मागचा पाय किंचित वळवतो आणि मग खांदा उचलतो. गेममध्ये इतका खरा पवित्रा मी क्वचितच पाहिला आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटते. ज्यांनी तो खांदा इतक्या मेहनतीने हलवला, त्यांचेच काम खेळाडूपर्यंत धड पोहोचत नाही. अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवणे) चालू असताना वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या मागे पुसट सावली रेंगाळते, खांद्याची कड विरघळते आणि जो इशारा पाहून हालचाल करायची तोच दिसत नाही. आपल्या गेममध्ये अपस्केलिंग पूर्ण बंद करायची सोयच नाही. ती द्यावी.

आता फ्रेम जनरेशनबद्दल, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली फ्रेम घालण्याबद्दल. शेवटच्या अपडेटनंतर सेटिंग्जमध्ये ते आपोआप चालू झालेले आढळले. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा मोठा दिसतो, पण मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर अडवून धरावी लागते, त्यामुळे बटणाला उत्तर उशिरा मिळते. मी मोबाइलवर २४० एफपीएसने चित्रण करून, बटण दाबल्यापासून ढाल हलेपर्यंतच्या त्या चित्रणातल्या फ्रेम मोजल्या. बंद असताना ३१ फ्रेम, म्हणजे सुमारे १२९ मिलिसेकंद. चालू असताना ४५, म्हणजे १८७ च्या वर. निवांत फिरताना हा फरक जाणवणार नाही. सहा फ्रेमच्या पॅरीत याच फरकाने जीव जातो.

सर्वांत गंभीर गोष्ट जळत्या जमिनीची आहे. तेच पात्र, तेच चिलखत, तीच जागा ठेवून मी एफपीएस ३० वर बांधला, तेव्हा पूर्ण प्राणशक्ती संपायला आठ सेकंद लागले. ६० वर चार सेकंद लागले. दहा वेळा करून पाहिले आणि दहाही वेळा हेच झाले. आगीची इजा वेळेवर मोजली जात नसून फ्रेमवर मोजली जात आहे. ज्याचा संगणक चांगला, तो दुप्पट वेगाने जळतो. हा दोष या क्षेत्राला नवा नाही. २०१४ मध्ये संगणकावर आलेल्या डार्क सोल्स २ मध्ये ६० एफपीएसला शस्त्रे दुप्पट वेगाने झिजत होती आणि खेळाडूंनी ते दाखवून दिल्यावर पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली. इतका गाजलेला दाखला समोर असताना तीच चूक आपल्या तपासणीतून सुटावी, हे मला पटत नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मी दोनदा लिहिले. दोन्ही वेळा तेच उत्तर आले: ड्रायव्हर अपडेट करा, ग्राफिक्स ‘लो’ वर न्या, गेम पुन्हा इन्स्टॉल करा. तिन्ही करून पाहिले. ड्रायव्हर अपडेट केल्याने त्रास परत आला, हे वर लिहिलेच आहे. दोन तासांपेक्षा जास्त खेळले म्हणून रक्कम परत मिळत नाही, असेही कळवले गेले. पण पात्र घडवणे, गावातली जत्रा, म्हाताऱ्या पुजाऱ्याची कहाणी यातच माझे पावणेदोन तास गेले. पहिला खरा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, दोन तासांनंतर येतो. जो दोष त्या मुदतीत दिसूच शकत नाही, तो तेव्हा कळवला नाही म्हणून ग्राहकाला परत पाठवणे न्याय्य नाही.

ट्रेलरमध्ये हीच दलदल, हाच राक्षस आणि हीच हिरवी ज्वाळा आहे. खाली ‘प्रत्यक्ष गेममधील दृश्ये’ असे लिहिले आहे. ज्वाळा तिथे एकदाही अडकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची आणि सेवेतील त्रुटींची दखल आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या पत्राची पोचसुद्धा नऊ दिवसांनी आली.

शेडर आधी तयार करण्याची सोय आणि आगीच्या इजेची दुरुस्ती कधी येणार, याची तारीख मला लेखी कळवावी. तोवर फ्रेम जनरेशन मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवावे. ३० दिवसांत दुरुस्ती शक्य नसेल तर ३,९९९ रुपये परत करावेत. रक्कम परत घेणे ही माझी पहिली इच्छा नाही, मला हा गेम पूर्ण खेळायचा आहे. तरीही उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन.

फ्रेमटाइमच्या नोंदी, मोबाइलवरचे चित्रण, आगीच्या दहा चाचण्यांचे व्हिडिओ आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. सेव्ह फाइलही पाठवत आहे. ती उघडली की दलदलीच्या दाराशीच याल. नव्याने गेम टाकलेल्या संगणकावर आत जाऊन पहिली ज्वाळा येऊ द्यावी.

कळावे,

आपला ग्राहक,
कोल्हापूर