शिबिरात एक बिनहाताची खुर्चीही ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिराची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आली. त्या शिबिराला मीही होतो. साखर, रक्तदाब, वजन, ईसीजी, सगळं वेळेवर झालं. नावं ठेवायला जागा नाही. शेवटी राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मात्र मी मुद्दाम आजूबाजूला पाहिलं. खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे रेटल्याशिवाय उठलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. काही जण शेजाऱ्याचा खांदा धरून उठले. दोघी-तिघी तर राष्ट्रगीत संपत आलं तरी अर्ध्या उठलेल्याच होत्या. पायांची तपासणी त्या 52 सेकंदांत आपोआप होऊन गेली, नोंद तेवढी कुणी केली नाही.

मी 31 वर्षं शाळेत पी.टी. शिकवलं. रांगेत गडबड केली की कान धरून 20 उठाबशा, हा माझा दंडक होता. गेल्या वर्षी, वयाच्या 72व्या वर्षी, न्यूमोनिया होऊन 10 दिवस रुग्णालयात काढले. ताप उतरला, एक्स-रे स्वच्छ आला आणि 'सगळं नॉर्मल' म्हणून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवरून उठता येईना. मुलाला हाक मारावी लागली. डिस्चार्ज कार्डावर सात गोळ्या लिहिल्या होत्या. पायांबद्दल अवाक्षर नव्हतं.

पुढे कळलं की यात नवल काही नाही. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मूठभर धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. आजार नाही, ताप नाही. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस सरासरी जवळजवळ 1 किलोने घटलं. मग माझं काय झालं असेल! वयानुसार स्नायू झडण्याला डॉक्टर 'सार्कोपेनिया' म्हणतात. हा शब्द 1989 साली घडवला गेला. आपण आजही 'वय झालं आता' म्हणून मोकळे होतो. झटक्यात आकसणारे तंतू आधी बारीक होतात, म्हणून ठेच लागल्यावर सावरायला पाऊल वेळेत पुढे पडत नाही.

घरी शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट पंचविशीतली मुलगी. तिला माझा पेशा ठाऊक नव्हता. म्हणाली, "काका, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या, आणि उठा-बसा." म्हणजे उठाबशाच की! जन्मभर शिक्षा म्हणून वाटलेलं औषध माझ्याच वाट्याला आलं. तिने घड्याळ लावलं. 30 सेकंदांत जेमतेम पाच वेळा उठलो, पाचव्यांदा तर धप्पकन बसलो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या तक्त्यात 70 ते 74 वयाच्या पुरुषाला 12च्या खाली आणि बाईला 10च्या खाली आकडा आला, तर पडण्याचा धोका मानतात. खुर्ची 17 इंच उंच, हात नसलेली. हाताचा आधार घेतला की गुण शून्य. तीन महिन्यांनी माझा आकडा 13वर गेला.

गोल बागेतल्या आमच्या मंडळींना हे सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "आम्ही रोज चार फेऱ्या मारतो की!" फेऱ्या जरूर माराव्यात, हृदयाला आणि साखरेला त्या चांगल्याच. पण सपाटीवर चालताना मांडीला फारसा जोर लावावा लागत नाही. तो लागतो अख्खं अंग खालून वर उचलताना. पूर्वी पाटावर मांडी घालून जेवायचं, चुलीपाशी उकिडवं बसायचं, यात ते दिवसातून वीस वेळा घडायचं. डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड आले आणि उठबस संपली. (मी कमोड काढा म्हणत नाही. दुखऱ्या गुडघ्यांना तो वरदान आहे.)

आणि फार उशीर झाला असंही नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात 1990 साली 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, तर त्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. 1994 साली तिथल्याच गटाने 100 जणांवर प्रयोग केला. नुसतं पोषक पेय दिलेल्यांची कमजोरी हटली नाही. व्यायाम केलेल्यांची ताकद वाढली. मुलांनी आणून दिलेले पावडरचे डबे फोडण्याआधी हे लक्षात घ्यावं. अर्थात रात्री नुसत्या पेजेवर राहूनही भागणार नाही. डाळ, उसळ, दूध, अंडं पोटात जायलाच हवं.

75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. तिकीट माफ झालं, पायरी माफ झालेली नाही. स्टँडवर दोन मिनिटं उभं राहून पाहा, कंडक्टर वरून हात देतो, मागून कुणीतरी ढकलतं, तेव्हा आजी आत जातात.

म्हणून शिबिर भरवणाऱ्यांना विनंती, की रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक बिनहाताची खुर्ची आणि एक घड्याळ ठेवा. चक्कर येणाऱ्यांना, नुकतं ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टरांना विचारूनच बसवा, बाजूला धरायला एक माणूस ठेवा. आलेला आकडा साखरेच्या आकड्याखाली त्याच कागदावर लिहा. रुग्णालयांनीही घरी सोडताना म्हाताऱ्या माणसाला एकदा खुर्चीतून उठवून पाहावं.

आमच्या वॉर्डातल्या पुढच्या शिबिराला खुर्ची मी आणतो. शिट्टी अजून घरात आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा