अमिगाचं पोट उघडलं त्याची गोष्ट

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. गेले दोन रविवार आपला अमिगा ५००, तो जुना घरगुती कॉम्प्युटर, टेबलावर पोट उघडून पडला होता, आणि लिहायला टेबल तेवढं एकच.

अखेर प्रोसेसर बदलला. मोटोरोलाचा ६८००० काढून ६८०१० बसवला. तू म्हणशील, बदलायचाच तर ५० मेगाहर्ट्झच्या ६८०३०चं कार्ड का नाही? मशीन आहे तसंच ठेवायचं होतं, म्हणून. ६८०१० हा १९८२चा. तोच आकार, तेच ६४ पाय, तोच ७.०९ मेगाहर्ट्झ. सोल्डरिंग नाही, काही नाही. एक काढा, दुसरा घाला.

सांगायला सोपं! जुनी चिप सॉकेटमध्ये इतकी वर्षं रुतून बसलेली. चपटा स्क्रूड्रायव्हर एकदा या टोकाखाली, एकदा त्या टोकाखाली, असं केसाकेसाने वर उचलावं लागतं. मधेच ‘कट्’ असा आवाज आला आणि माझे हातच थिजले. मोडलं काही नव्हतं, एक पाय सुटला होता फक्त. नव्या चिपचे पाय जरा फाकलेले असतात, ते टेबलावर आडवे दाबून सरळ केले, खाच जुन्या खाचेच्या बाजूला धरली, दाबलं, बटण लावलं. पडदा काळा. पुन्हा उपसली, तर एक पाय भोकात न जाता पोटाखाली दुमडलेला. चिमट्याने तो सरळ करताना मी देवाचं नाव घेतलं, हे कोणाला सांगू नकोस.

मग अमिगा चालू झाल्यावर दिसणारा, फ्लॉपी धरलेला तो हात पडद्यावर आला.

वेग? डोंगर पोखरून उंदीर. आपण मँडेलब्रॉटचं ते गणिती नक्षीचं, काढायला फार वेळ लागणारं चित्र लावून जेवायला जायचो ना, तर आता भात जरा कमी घ्यावा लागेल, इतकंच. छोट्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यात, मात्र फरक जाणवतो. दोनच सूचनांचा लूप असेल, तर ६८०१० त्या लक्षात ठेवतो. पाढा पाठ झालेल्या पोरासारखा दर वेळी वही उघडत नाही. बाकी अडतं ते मेमरीपाशी. चित्र आणि आवाज सांभाळणाऱ्या चिपा आणि प्रोसेसर, सगळे एकाच मेमरीच्या दारात उभे. खालच्या झाकणात आपण बसवलेली ५१२ किलोबाइटही त्याच रांगेतली. उद्या ६८०३० आणला आणि त्याला स्वतःची फास्ट रॅम, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वापरासाठीची मेमरी, दिली नाही, तर तोही तिथेच ताटकळेल. हे वाचून माहीत होतं, पण घड्याळ लावून बसल्यावर पटलं.

तुझ्या त्या जुन्या संगीताच्या प्रोग्रॅमने मात्र दगा दिला. लाल चौकट, गुरू मेडिटेशन (अमिगा कोसळला की येतो तो संदेश), आकडा ०००००००८. म्हणजे अधिकाराबाहेरची सूचना. ६८०००वर कुठलाही प्रोग्रॅम स्टेटस रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरची स्वतःच्या स्थितीची नोंद, वाचू शकायचा. ६८०१०ने तो हक्क सिस्टिमपुरता ठेवला. म्हणजे प्रोग्रॅम तोच, कायदा बदलला! डेसिजेल नावाचा चिमुकला प्रोग्रॅम अशी सूचना वाटेतच पकडून निभावून नेतो, तो स्टार्टअपमध्ये टाकला आणि गाणं सुरू झालं. फ्लॉपीवरून थेट सुरू होणाऱ्या गेमपुढे त्याचं काही चालत नाही, कारण त्याला लोड व्हायला सवडच मिळत नाही.

म्हणून येशील तेव्हा तुझा तो गेमचा डबा घेऊन ये. कोणकोण आठ नंबरवर मरतात ते बघू. जुना ६८००० काळ्या फोममध्ये खोचून ठेवलाय. फारच मेले तर परत बसवू. या वेळी चिमटा तू धर.

तुझाच