खाल्लेलं अंगी का लागत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठलंही वर्तमानपत्र उघडलं की पोट साफ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात दिसतेच. पोट रिकामं कसं करायचं हे आपल्याला रोज सांगितलं जातं, पण पोटात गेलेला घास रक्तात कसा उतरतो हे शाळा सुटल्यावर कुणी सांगत नाही. मी सोलापूरच्या पूर्वभागात अनेक वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर आज लिहायला बसले ती शेजारच्या पंधरा वर्षांच्या मुलीमुळे.

तिचं हिमोग्लोबिन अवघं 8.2 निघालं. आई घरी विड्या वळते. रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, दोन्ही वेळा भाकरी खाते, मेथी खाते, शेंगाचटणी तर हवीच. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, ती पण रोज घेते. मग अंगी का लागत नाही हो?" गोळी कशाबरोबर घेते, असं विचारलं. "चहाबरोबर. नुसत्या पाण्यानं मळमळतं तिला."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, बिनदुधाचा चहा केला आणि एक गोळी कुटून त्यात टाकली. लालसर चहा बघता बघता काळा झाला, दौतीतल्या शाईसारखा. माझे सासरे रंगारी होते. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा गंज पडला की सुतावर पक्का काळा चढतो, असं ते सांगायचे. हिरड्यात जे तुरट असतं त्याच जातीचं चहातही असतं. ते लोहाला धरतं आणि सोडत नाही. कपात झालं तेच पोटात होतं. ती माऊली कपाकडे बघतच राहिली. "म्हणजे गोळी वायाच गेली की!" पुरती वाया जात नाही, पण बरीचशी जाते.

आता अंगी लागणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपल्या आतून एक सलग नळी गेलेली आहे. घास त्या नळीत आहे तोवर तो खरं तर शरीराबाहेरच आहे. नळीची भिंत ओलांडून तो रक्तात गेला, तरच अंगी लागला. भिंत ओलांडायची तर घासाचे अगदी बारीक तुकडे व्हायला हवेत, इतके बारीक की सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत.

ते काम तोंडातच सुरू होतं. वर्गात मी मुलांना कडक भाकरीचा तुकडा द्यायचे आणि सांगायचे, गिळायचा नाही, चावत राहा. थोड्या वेळानं एखादी पोर ओरडायची, "बाई, गोड लागतंय!" लाळेतलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य पिठूळ पदार्थाची लांब साखळी तोडतं आणि साखर सुटते, तीच ती गोडी. कालवणात कुस्करलेली भाकरी न चावता गिळणाऱ्याला ही गोडी कधी कळतच नाही. पुढे जठरात आम्ल असतं आणि पेप्सिन हे पाचकद्रव्य प्रथिनं तोडायला लागतं. तिथून घास पातळ होऊन लहान आतड्यात उतरतो. तिथे यकृताकडून पित्त येतं, ते तेला-तुपाचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडाचा रस आम्ल मारतो आणि उरलेली तोडफोड पुरी करतो.

लहान आतडं सुमारे सहा मीटर लांबीचं. माझे बरेच विद्यार्थी घरी तेलुगू बोलायचे. "पेगु" म्हटलं की त्यांना लगेच कळायचं, पण ते आतून कसं असतं हे डोळ्यांपुढे येत नसे. मग मी टर्किश टॉवेल घेऊन वर्गात जायचे. निम्म्या मुलांच्या घरी टॉवेलच विणले जायचे, त्यामुळे लूप काय असतात हे मलाच त्यांनी शिकवलं असतं. सपाट कापड पाणी कमी टिपतं, लूपचं जास्त टिपतं, कारण तेवढ्याच जागेत सूत जास्त. आतड्याच्या अस्तरावर असेच बोटांसारखे उंचवटे असतात, एक मिलिमीटरही उंच नसतात, आणि त्यांच्यावर त्याहून सूक्ष्म, केसांसारखे तंतू. माझ्या जुन्या पुस्तकांत हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल असं छापलेलं होतं. 2014 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी नव्यानं मोजमाप केलं, तेव्हा ते सुमारे 30 चौरस मीटर भरलं. म्हणजे यंत्रमाग कामगाराच्या दोन खोल्यांएवढं. मला ते कमी वाटत नाही.

या सहा मीटरांत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. बी-12 अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. लोह मात्र मुख्यतः सुरुवातीच्या वीतभर भागातच आत घेतलं जातं. त्या वीतभर वाटेत ते चहानं धरून ठेवलेलं असलं, तर बहुतेक तसंच पुढे वाहून जातं.

त्यात धान्या-भाजीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 4 मिलिग्रॅम लोह असतं, पण ज्वारीतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला अडवतं, म्हणून त्यातलं थोडंच रक्तात पोचतं. बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह आहारात हवं, असं आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) 2020 मध्ये सांगितलं. हे वाचून कुणी भाकरी सोडू नये, हे मी हात जोडून सांगते. आपल्या मालदांडी ज्वारीची भाकरी सोडून मैद्याच्या पावाकडे जाण्यात काहीच शहाणपण नाही. भाकरीबरोबर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरूची फोड खा. 'क' जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं. मटकीला मोड आणले, ज्वारीचं पीठ आंबवून आंबील केलं की फायटेट कमी होतं. आजीला फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण उन्हाळाभर आमच्या घरी आंबील असायचीच.

चहा बंद करा असं मी म्हणणार नाही. विड्या वळणाऱ्या बाईला दिवसभर मान खाली घालून बसावं लागतं, तिला चहाचा आधार असतो. फक्त तो जेवणाला आणि गोळीला चिकटून नको, निदान तासाभराचं अंतर ठेवा. दुधाबरोबरही गोळी नको, कॅल्शियम आडवं येतं. मळमळत असेल तर जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावं, गोळी परस्पर बंद करू नये. शौच काळसर होते, त्यानं घाबरू नये. आणि पोटात हूकवर्म जातीचे जंत असतील तर ते आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्तच पितात, म्हणून जंताची गोळीही वेळच्या वेळी घ्यावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो 48 टक्के होता. गोळ्या वाटल्या जातात, मुली त्या गिळतातही. पण गिळलेलं आणि अंगी लागलेलं यांत फरक आहे, हे वाटणाऱ्यांनीच सांगायला हवं. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी देताना मुलींना एवढं एक वाक्य सांगावं: आता तासभर चहा नाही. खिचडीच्या ताटात लिंबाची फोड ठेवता आली तर फारच उत्तम. विडी कारखान्यांच्या फाटकाशी, जिथे बायका माल द्यायला येतात, तिथेही मराठीत आणि तेलुगूत ही पाटी लावता येईल.

आपण आरोग्य पुरवणीत एकदा पचनसंस्थेचं पानभर चित्र छापावं, साध्या मराठी नावांसह, अशी विनंती. त्याची कात्रणं शाळांच्या भिंतींवर लावायचं काम मी स्वतः करीन.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
साखर पेठ, सोलापूर