घराकडेही बघा

संपादक महोदय,

लंडनला जाणारे मराठी पर्यटक किंग हेन्रीज रोडवरचे डॉ. आंबेडकरांचे निवासस्थान आवर्जून पाहतात, ते योग्यच. सवड असेल तर ४८, डाउटी स्ट्रीटही पाहावे. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ या काळात तिथे राहत होते, म्हणून लोक त्यांचे टेबल-खुर्ची पाहतात आणि निघतात. घराकडे फारसे कोणी बघत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे हे रांगेतले घर, म्हणजे आपले रो-हाउसच. (आपले बिल्डर ज्याला रो-हाउस म्हणतात, त्याचा विषय वेगळा!) दर्शनी भाग साध्या विटांचा, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. खिडक्या मात्र नीट पाहा. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, म्हणून तिथल्या सर्वांत उंच. वर जाऊ तशा त्या आखूड होत जातात, कारण नोकरांना छपराखालची खोली. स्वयंपाकघर तळघरात. खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या थोड्या आत बसवलेल्या दिसतात, ती काही हौस नव्हे. आगीच्या धास्तीने १७०९ साली लंडनमध्ये तसा कायदा झाला आणि १७७४ मध्ये तो आणखी कडक झाला.

१९२३ साली हे घर पाडले जाण्याच्या बेतात होते. डिकन्सप्रेमींनी ते विकत घेतले आणि १९२५ मध्ये संग्रहालय उघडले. घर वाचले ते भाडेकरूच्या, म्हणजे डिकन्सच्या, नावावर. आपल्या पर्यटन पुरवणीत अशा ठिकाणांवर लिहिताना दोन ओळी बांधकामावरही द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे