चालण्याच्या कॅलरी अन् बसल्या जागचा खर्च

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्याच्या पानावर 'तासभर चाला, ३०० कॅलरी जाळा' अशी चौकट आली होती. आमच्या हिनं ती कापून फ्रिजवर चिकटवली अन् तिथूनच वाद सुरू झाला म्हणा ना.

झालं असं की शुगर निघाल्यापासून मी रोज सकाळी तासभर चालायलोय, पोरानं स्मार्ट घड्याळ घेऊन दिलंय, ते २८० दाखवतं. एक दिवस हिला म्हणलं तू घालून बघ. सोबतच चाललो, तर हिला बी २७०! आता माझं वजन ८० किलो अन् हिचं ५५, खर्च सारखा कसा होईल? नंतर लक्षात आलं, घड्याळात वजन माझंच टाकलेलं. ते काय आत शिरून मोजत नाही, वजन, वय, पावलं, नाडी ह्यावरून अंदाज ठोकतं. मे महिन्यात उन्हानं नाडी वाढली तरी त्याला वाटतं गडी लईच मेहनत करायलाय.

खरं मोजमाप श्वासावर असतं. तोंडाला मास्क लावून ऑक्सिजन किती वापरला ते बघतात, एका लिटरमागं साधारण ५ कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावर असते तीच). निवांत बसलेला माणूस किलोमागं मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन घेतो असं धरतात, त्याला एक मेट म्हणतात, अन् हिशोब केला की किलोमागं तासाला एक कॅलरी येते. म्हणजे मी पारावर नुसता बसलो तरी तासाला ८० जातातच. बऱ्यापैकी चालीनं चालणं म्हणजे साडेतीन मेट, झाले २८०. पण त्यातले ८० चालण्याचे नाहीतच की हो! निव्वळ २००. हिचे १९२, त्यातून ५५ वजा, उरले १३७. आणि आमचा ग्रुप चालून झालं की गेटवर सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) अन् वर भजी हाणतो, चार-पाच छोटे चमचे तेल पोटात गेलं की २०० तिथंच फिटले. घाम लई आला म्हणून खूश होणारे बी आहेत, पण ते पाणी असतं, दोन तांबे प्यायले की काटा जिथल्या तिथं.

बसून काम करणाऱ्याचा दिवसाचा निम्म्याहून जास्त खर्च मेंदू, लिव्हर, हृदय असल्या आतल्या कामावरच होतो, झोपेतही चालूच. म्हणून चालणं फुकट आहे असं मी म्हणत नाही, माझी शुगर त्यानंच ताळ्यावर आलीय.

अजून एक. हे पान कायम खुर्चीवाल्यांसाठीच असतं. आपल्या बीडकडून दरवर्षी कोयते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, ती बाई दिवसभर ऊस तोडून मोळ्या डोक्यावर वाहते. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या बाईला बैठं काम असंल तर दिवसाला १६६० कॅलरी लागतात अन् जड कष्ट असतील तर २७२०. तिला काय जाळायचं सांगता, तिला एवढं खायला मिळतंय का ते छापा की कधी.

अन् पुढच्या चौकटीत वजन किती धरलं आणि बसल्याचा खर्च वजा केलाय का, तेवढी एक ओळ टाका. फ्रिजवरचं कात्रण अजून तिथंच आहे, हिनं ३०० वर काट मारून पेनानं १३७ केलंय.

आपला एक वाचक, लातूर